काट्यावरची पसंती

आपल्याकडे स्थळ नाकारण्याची एक सभ्य रीत आहे. मुलगी पसंत नसली तरी 'पसंत नाही' असे कोणी म्हणत नाही. 'पत्रिका जुळत नाही' असे कळवतात. नाक बसके असो, दात पुढे असोत, वडिलांच्या डोक्यावर कर्ज असो किंवा मुलाने आधीच दुसरीकडे सूत जमवलेले असो, सारे काही या एका वाक्याच्या पोटात मावते. ग्रह बिचारे मुके. त्यांच्यावर काहीही ढकलावे, ते तक्रार करीत नाहीत. मुलीच्या घरच्यांनाही खरे काय ते उमजते, पण तिच्या मनावर ओरखडा उठत नाही आणि दोन्ही घरांचा आब राहतो.

या सभ्यतेला एकच अपवाद मी पाहत आलो आहे. तो म्हणजे मुलीचे वजन. 'मुलीचे नाक आम्हाला आवडले नाही' असे तोंडावर सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. परंतु 'मुलगी छान आहे हो, फक्त जरा अंगाने जास्त आहे. आठ-दहा किलो कमी केले तर पुन्हा बघू' असे सांगणारे मात्र डझनाने भेटले. आणि हे सांगताना त्यांच्या स्वरात संकोच नसतो, उपकाराची भावना असते. कारण नाक देवाने दिलेले असते, वजन मात्र मुलीने स्वतः वाढवलेले असते, अशी आपली पक्की समजूत आहे. म्हणजे नाक हे दुर्दैव आणि वजन हा गुन्हा! दुर्दैवावर पांघरूण घालायचे आणि गुन्ह्याबद्दल समज द्यायची, असा हा न्याय आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या ताईच्या मुलीसाठी स्थळे पाहण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. लग्नात मामाने मुलीच्या पाठीशी उभे राहायचे असते. आमच्याकडे ते काम लग्नाच्या बऱ्याच आधी सुरू झाले. भावोजी अबोल, ताई चटकन रडणारी; त्यामुळे फोन करायचे आणि फोन घ्यायचे ते मामाने. भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी., महाविद्यालयात शिकवते. बोलण्यात तरतरीत, हसली की घर हसते. अंगाने लहानपणापासूनच भरलेली, आमच्या आईच्या वळणावर गेलेली. एकामागून एक नकार येत गेले आणि बहुतेक फोनवर मला तीच सूचना मिळाली. मी ती स्वतःशीच ठेवी आणि ताईकडे जाऊन सांगे, 'पत्रिका जुळली नाही.' आपण फार शहाणपणाने वागतो आहोत, असे मला वाटत असे.

अकराव्या नकाराच्या वेळी भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, 'मामा, बाबांचा पत्रिकेवर विश्वास नाही. माझी जन्मवेळ आपण कुणालाच देत नाही. मग दर वेळी जुळत नाही ती कुणाची पत्रिका?'

मला उत्तर सुचले नाही. पुढे कळले ते असे की, तिला सारे ठाऊक होते. मी लपवलेली गोष्ट दोन घरांमधून फिरून तिच्यापर्यंत केव्हाच पोचली होती, आणि तिने स्वतःपुरता उपायही सुरू केला होता. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. त्यात नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास आले आणि प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसमोर ती चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासले तेव्हा रक्त कमी झालेले, केस मुठीने गळत असलेले आणि पाळी तीन महिने चुकलेली. 'वजन किती कमी झालं?' असे ताईने विचारले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'वजनाचं सोडा, मुलगी कमी होत चालली आहे.'

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. अंगाने भरलेली मुलगी ही चिंतेची बाब आहे, हे आपल्याला कोणी आणि केव्हा शिकवले, याचा मी विचार करू लागलो. कारण माझ्या आजीच्या शब्दकोशात 'भरल्या अंगाची' ही स्तुती होती. 'खात्यापित्या घरची' हीसुद्धा स्तुतीच. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पुढे घराघरांत लागल्या. त्या देवींचे दंड आणि गाल आठवून पाहावेत. त्यांतली एकही आजच्या वधूवरसूचक भाषेत 'सडपातळ' ठरणार नाही. त्यानंतरच्या पिढीत मराठी स्त्रीच्या सौंदर्याचा मानदंड झाले ते बालगंधर्व. त्यांचे नेसणे, त्यांचे दागिने, त्यांचे चालणे यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. तेही काही शिडशिडीत म्हणून प्रसिद्ध नव्हते.

याचे कारण सरळ आहे. जिथे अन्नाची ददात असते तिथे भरलेले शरीर ही श्रीमंतीची खूण असते. वारंवार दुष्काळ पाहिलेल्या मुलखात, १९७२ साली सुकडीवर दिवस काढलेल्या माणसांना, हडकुळी सून घरात आली तर काळजी वाटे. ही बाळंतपण कसे सोसणार, असा तो व्यवहारी प्रश्न होता. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात तर मुलीचे लग्न जमावे म्हणून तिला बळजबरीने दूध पाजून लठ्ठ करण्याची प्रथा होती आणि काही भागांत ती अजून मोडलेली नाही. आपल्याकडे लग्नासाठी मुलगी उपाशी राहते, तिकडे लग्नासाठी तिला कोंबून खाऊ घालतात. दोन्हीकडे पोट तिचे आणि मर्जी दुसऱ्याची.

पुढे अन्न मुबलक झाले, कष्ट कमी झाले आणि बारीक राहणे ही चैनीची गोष्ट बनली. १९९४ मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली. घरोघरी आलेल्या नव्या वाहिन्यांवरून त्या उंच, सडसडीत आकृत्या दिवाणखान्यात उतरल्या. कौतुक वाटलेच, वाटायलाही हवे होते. पण त्या आकृत्यांचे माप आपण नकळत आपल्या मुलींना लावू लागलो. दूरचित्रवाणीचा हा परिणाम किती वेगाने होतो, याचे एक उदाहरण वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर धट्टेकट्टे, भरदार शरीर हेच देखणे मानले जाई. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या अ‍ॅन बेकर यांनी ती येताच आणि नंतर १९९८ मध्ये पुन्हा शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा मुलींनी तसे करीत असल्याचे सांगितले. पिढ्यानपिढ्यांची आवड बदलायला तीन वर्षे पुरली! तेव्हा 'काय करणार, मला बारीकच मुलगी आवडते' असे एखादा तरुण प्रामाणिकपणे म्हणतो तेव्हा त्या आवडीत त्याचे स्वतःचे किती आणि पडद्याने शिकवलेले किती, हे त्याने एकदा तपासावे.

आता कोणी म्हणेल, प्रश्न सौंदर्याचा नाही, आरोग्याचा आहे. लठ्ठपणातून मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, गुडघे जातात. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु आरोग्याची एवढी काळजी असेल तर ती नीट तरी करावी. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर आज सगळीकडे वापरतात, ते १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडले. तो डॉक्टर नव्हता आणि त्याला एकेका माणसाचे आरोग्य तपासायचेही नव्हते. समाजातला सरासरी माणूस कसा असतो, हे त्याला शोधायचे होते. या गुणोत्तराच्या मर्यादा दाखवणारे एक सुंदर उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचेही गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. काट्यावर दोघेही निर्दोष. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून चरबीदार असा हा भारतीय देह. सडपातळ दिसणाऱ्या कितीतरी माणसांना आपल्याकडे मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर त्यात आहे.

म्हणजे ज्या 'सडपातळ' शब्दाला आपण आरोग्याचे प्रमाणपत्र समजतो, तो नुसता डोळ्यांचा निर्वाळा आहे. आणि आरोग्याचा आग्रह खरा असेल तर तो दोन्ही बाजूंना लागू हवा. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की धोका, असे डॉक्टर सांगतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचे वजन विचारणाऱ्या किती घरांनी आपल्या चिरंजीवांच्या कमरेला फीत लावून पाहिली आहे? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले, आणि पुरुषांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच, २२.९ टक्के होते. तरीही जाहिरातींमध्ये 'सडपातळ' हे विशेषण वर्षानुवर्षे वधूच्याच वाट्याला आले. वराचे पोट सुटलेले असले तर तो 'सुखवस्तू' दिसतो. याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले, त्याची चर्चा मात्र कोणत्याच दिवाणखान्यात होत नाही.

मुलांना हा जाच अजिबात नाही, असेही म्हणू नये. 'फुंकलं तर उडेल' म्हणून हिणवला जाणारा किडकिडीत मुलगा आणि वर्गात 'ढोल्या' हे नाव पडलेला मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी कुणाच्याही सल्ल्याने डबेच्या डबे भुकटी रिचवणारी तरुण पोरे पाहिली की हा रोग आता त्यांच्याही दारात आला आहे, असे वाटते. फरक इतकाच की मुलाचे लग्न त्यावर सहसा अडत नाही.

राहिला तो आळसाचा आरोप. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसते की, माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक असतो. आमच्या भाचीने आजीकडून हसणे घेतले तसाच बांधाही घेतला. हसण्याचे श्रेय घराण्याला आणि बांध्याचा दोष तिला, हा कुठला हिशेब?

या सगळ्यात आकर्षण नावाची खरीखुरी गोष्ट आहे, ती मात्र मला झटकून टाकायची नाही. पती-पत्नीत शरीराची ओढ असावी लागते आणि ती उपदेशाने निर्माण करता येत नाही. समाजसुधारणा म्हणून कोणी कुणाशी लग्न करू नये. तशा लग्नासारखा अपमान दुसरा नाही. एखाद्या मुलाला एखादी मुलगी भेटल्यावर आवडली नाही तर त्याला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि मुलीलाही तितकाच. माझे म्हणणे आहे ते 'भेटल्यावर' या शब्दाबद्दल. आमच्या भाचीला आलेल्या अकरा नकारांपैकी सात मुलांनी तिला पाहिलेसुद्धा नव्हते. फोटो आणि वजनाचा आकडा पाहून त्यांच्या आईवडिलांनी, आत्यांनी आणि काकांनी तिला आधीच बाद केले होते. याला आकर्षण कसे म्हणायचे? ओढ दोन माणसांत लागते. ती आवाजातून लागते, एखाद्या विनोदावर दोघे एकदम हसले म्हणून लागते, चहाचा कप पुढे करण्याच्या पद्धतीतूनही लागते. यांतले काहीही किलोत मोजता येत नाही. आणि जी तरुण मुले आता आपापली, मोबाइलवर एकमेकांना शोधतात, त्यांचेही फार वेगळे नाही. तिथे आत्याबाई नसतात एवढेच. बोटाच्या एका फटकाऱ्याने फोटो बाजूला सारण्याचे आत्याबाईंचे काम मुले स्वतःच करतात.

२०१५ मध्ये 'दम लगा के हैशा' नावाचा हिंदी चित्रपट आला. लठ्ठ बायको पदरी पडली म्हणून मित्रांसमोर लाजणाऱ्या नवऱ्याची ती गोष्ट. पुढच्याच वर्षी सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' आला, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या 'सुंदरा मनामध्ये भरली' या मालिकेची तर नायिकाच अशी, अंगाने भरलेली. घरोघरच्या आयाबहिणींनी या नायिकांवर मनापासून माया केली. परंतु गंमत पाहा. 'दम लगा के हैशा'साठी वजन वाढवणाऱ्या भूमी पेडणेकरने नंतर ते उतरवले, तेव्हा त्याच्या बातम्यांना तिच्या अभिनयाइतकीच टाळी पडली. पडद्यावरच्या जाड सुनेसाठी आपण डोळे पुसतो आणि मध्यंतराच्या जाहिरातीत मुलाच्या स्थळांचे फोटो चाळून बारीक सून शोधतो.

'आपण' म्हणतो त्यात मीही आलो. ही कबुली दिल्याशिवाय हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाचीसाठी नकाराचे फोन घेत होतो त्याच सुमारास आम्ही आमच्या मुलासाठी मुली पाहत होतो. टेबलावर दोन गठ्ठे असत. एक विचार करण्याजोगा आणि दुसरा परत पाठवण्याचा. दुसऱ्या गठ्ठ्यात काय होते, हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको. एकदा मुलाने तो सहज उचलला आणि विचारले, 'बाबा, या मुली मला दाखवल्याच नाहीत. यांच्यात काय कमी होतं?' मी पाहिले. कमी काहीच नव्हते. जे होते ते आम्हाला जास्त वाटले होते. बारा फोटो होते. बारा घरांत बारा मामांनी 'पत्रिका जुळली नाही' असे सांगितले असेल.

लग्न टिकते ते कशावर, याचा अनुभव तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खाऊन बाळंतीण उठते तेव्हा तिचे शरीर बदललेले असते. चाळिशीत नवऱ्याचा पट्टा दोन भोके पुढे सरकतो. आजारपणात एखाद्याचे निम्मे वजन झडते आणि जोडीदार त्या उरलेल्या निम्म्याला उराशी धरून दवाखान्याच्या फेऱ्या घालतो. साऱ्या संसारात सर्वांत आधी बदलणारी गोष्ट जर कोणती असेल तर ती कमरेचा घेर. आणि आपण पसंतीचा पाया रचतो तो नेमका तिच्यावर! त्यातून आपली रीतही अशी की, लग्न ठरेपर्यंत मुलीला उपाशी ठेवायचे आणि ठरले की केळवणाला बसवून 'घे गं, अजून एक पुरणपोळी घे' म्हणून आग्रह करायचा.

मोठ्या क्रांतीची अपेक्षा मी करीत नाही. चार साध्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मुलामुलीच्या माहितीच्या कागदावरून वजनाचा रकाना काढून टाकावा. वडीलधाऱ्यांनी आपला निकाल देण्याआधी दोघांना एकदा भेटू द्यावे. नाही म्हणायचे असेल तर एका वाक्यात, नम्रपणे म्हणावे. सोबत आहाराचा सल्ला देऊ नये. प्रकृतीची शंका असेल तर दोघांनीही तपासण्या करून एकमेकांना दाखवाव्यात. आणि पाचवी गोष्ट, कुणी भेटले की 'किती जाड झालीस गं' किंवा 'किती वाळलास रे' हे आपले पहिले वाक्य बदलून 'कशी आहेस', 'कसा आहेस' एवढेच विचारावे.

भाची आता बरी आहे. नीट जेवते, पहाटे पोहायला जाते, कारण तिला पाणी आवडते. लग्न करायचे आहे, पण स्वतःला कमी करून नाही, असे तिने घरात सांगून टाकले आहे. मागच्या आठवड्यात एका स्थळाकडून फोन आला. मुलाचे वडील होते. शिक्षण, नोकरी, गाव वगैरे झाल्यावर त्यांनी किंचित खाकरून विचारले, 'बाकी सगळं उत्तम आहे. वजन साधारण किती असेल हो मुलीचं?'

मी म्हटले, 'माफ करा, पत्रिका जुळत नाही.'

ते गोंधळले. 'अहो, पण पत्रिका तर अजून आपण पाहिलीच नाही!'

'बरोबर आहे,' मी म्हटले. 'तुम्ही मुलगीही कुठं पाहिलीत?'